बिनमुदतीचा शब्द

"सायेब, आमास्नी मोकळं करा," सोनबा म्हणाला, आणि गंगाधरपंतांचा वस्तरा गालावर जिथे होता तिथेच राहिला. सकाळचं कोवळं ऊन ओट्यावर आलं होतं. खुंटीला टांगलेल्या आरशात अर्धा चेहरा साबणाच्या फेसाचा आणि अर्धा माणसाचा दिसत होता, आणि त्याच आरशाच्या एका कोपऱ्यात पायरीवर अवघडून बसलेला सोनबा आणि त्याच्यामागे पदराचं टोक दातांत धरून उभी असलेली त्याच्याच गावची सगुणाबाई. म्हाताऱ्यानं मागितलं ते इतक्या सहज, की जणू उन्हातून आलोय, तांब्याभर पाणी द्या. गंगाधरपंत भोरातले वकील. मोकळं करा म्हणत येणारी माणसं त्यांच्या ओट्याला नवी नव्हती. कुणाला चावडीवर बसवून ठेवलेलं असायचं, कुणाची गुरं कोंडवाड्यात गेलेली असायची. त्यांनी आरशातूनच विचारलं, कोणी अडकवलंय तुम्हाला? सोनबानं सगुणाबाईकडे पाहिलं, सगुणाबाईनं अंगणातल्या तुळशीकडे पाहिलं, आणि मग पदर दातांतून सोडून तीच म्हणाली, "तुमीच की."

गोष्ट अशी होती, आणि सोनबानं ती आडपडदा न ठेवता सांगितली. तोरण्याच्या पायथ्याची वेल्ह्याकडची जी गावं, त्यांच्या वतीनं गंगाधरपंत संस्थानच्या कायदेमंडळात बसत होते. एकदा नव्हे, ओळीनं तीन वेळा निवडून आले होते, आणि होळी झाली की चौथी निवडणूक होती. या खेपेला सोनबाच्या भावाचा मुलगा कुंडलिक उभा राहिला होता. तो मुंबईला गोदीत कामाला होता, जपान्यांच्या बॉम्बच्या भीतीनं अर्धी मुंबई रिकामी झाली तेव्हा गावी आला आणि मग गावातच राहिला. हा पोरगा दारात येऊन म्हणाला, तात्या, मत द्या. घरचं पोर, त्याला हो म्हणायचं की नाही ते पुढचं पुढे ठरलं असतं. पण सोनबाला तोंडच उघडता येईना, कारण त्यानं गंगाधरपंतांसाठी मेंगाईपुढे बेलभंडार उचललेला. त्यानं एकट्यानं नव्हे, सगळ्या खोऱ्यानं. देवीपुढचं बेलाचं पान आणि चिमूटभर हळद तळहातावर घेऊन दिलेला शब्द. तो मोडला तर घराची काय दशा होते याच्या गोष्टी तिकडे पोरांना पाळण्यापासून ठाऊक. गंगाधरपंत म्हणाले, अहो सोनबा, ते पहिल्या निवडणुकीला, त्याला किती वर्षं झाली. सोनबानं समजूतदारपणे मान हलवली, जसा मास्तर चुकलेल्या पण बऱ्या मुलाकडे बघून हलवतो.

"झाली की वर्सं. पर तवा तुमी ह्या खेपेपुरतं असं कुठं म्हनला व्हता? तुमी म्हनला, मत मला. आमी म्हनलो, तुमाला. त्याला मुदत कुठं घातली?"

गंगाधरपंतांनी आता कुठे वस्तरा खाली ठेवला. मागच्या दोन निवडणुकांनाही मग तुम्ही, असं काहीसं त्यांनी विचारायला घेतलं, पण वाक्य पुरं करायचं धाडस झालं नाही. सगुणाबाईनं ते पुरं केलं. मागच्या खेपेला भोरातले ते बडे व्यापारी मोटार घेऊन वेल्ह्यापर्यंत आले होते, तिनं सांगितलं, लई गोड बोलले, पण आम्ही म्हटलं, बाबा, आमचं बांधलेलं हाय, उगा पेट्रोल जाळू नका. नवरा वारल्यावर जमीन सगुणाबाईच्या नावावर झाली होती, सारा तीच भरत होती, म्हणून तिलाही मत होतं, आणि ते मत तिनं तिन्ही वेळा जपून आणून घातलं होतं, एकदा तर अंगात ताप असताना. हे तिनं तक्रारीनं सांगितलं नाही. नवस फेडायला गेलं की पाय दुखतातच, तसं सांगितलं. सोडवायची रीतही त्यांनीच सांगून टाकली: ज्यानं शब्द घेतला त्यानं स्वतः मेंगाईपुढे यायचं, ज्यांनी दिला त्यांच्या हातांवर पाणी सोडायचं आणि म्हणायचं, शब्द फिटला. दुसऱ्या कोणी म्हणून चालत नाही. गंगाधरपंत म्हणाले, विचार करतो. "करा की," सोनबा उठत म्हणाला, "फकस्त मतं पडायच्या आत करा." आणि घरच्या आंबेमोहोर तांदळाचं गाठोडं पायरीवर ठेवून दोघं निघूनसुद्धा गेली.

गालावरचा फेस वाळला होता. वाळलेला फेस कातडी कशी ओढून धरतो, जणू कोणी गालाला चिमटा काढून सोडायलाच विसरलंय, तसं ते ओढणं गंगाधरपंतांना दिवसभर वाटत राहिलं, तोंड धुतलं तरी, कोर्टात उभे राहिले तरी. खरं तर नळूताईंचंच चुकलं. गंगाधरपंतांच्या या बायकोला बोलायचं नसेल तेव्हा त्या इतक्या छान गप्प बसत की शेजारी त्यांच्याकडे आपापली गुपितं ठेवायला आणत. पण बोलल्या की एकच वाक्य बोलत आणि ते आठवडाभर पुरे. तांदूळ सुपात घेऊन त्या आतून सगळं ऐकत होत्या. नवरा जेवायला बसला तेव्हा भात वाढता वाढता म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला निवडून देवीनंच दिलं म्हणायचं." एवढंच. मग ताक हवं का म्हणून विचारलं. आंबेमोहोराचा वास सगळ्या स्वयंपाकघरात भरून राहिला होता, आणि गंगाधरपंतांना प्रथमच वाटलं की हा वास थोडा कमी असता तर बरं झालं असतं.

ती पहिली सकाळ त्यांना लख्ख आठवत होती, आणि आजवर तर ती आठवली की छातीत काहीतरी फुलून यायचं. तेव्हा त्यांची चाळिशीसुद्धा आली नव्हती. अंगात नवा बंद गळ्याचा कोट, हातात काठी, डोक्यात नागरिक, प्रतिनिधी, उत्तरदायित्व असे गुळगुळीत धुतलेले शब्द. वेल्ह्यात मेंगाईच्या देवळासमोर त्यांनी भाषण केलं. काय भाषण केलं ते! शाळा, रस्ते, दवाखाना, सगळं एका दमात, हात असा उंच करून. माणसं उकिडवी बसून ऐकत होती, बायका खांबांआडून ऐकत होत्या, एक वासरू मधूनच हंबरत होतं. भाषण संपलं. मग याच सोनबानं, तेव्हा त्याच्या मिशा काळ्या होत्या, नम्रपणे विचारलं होतं की सायेब, हे समदं ब्येस हाय, पर आमी करायचं काय? आणि गंगाधरपंतांना एकाएकी इतका मोकळा आनंद झाला की ते हसून म्हणाले, काही नाही, मत मला, एवढा शब्द द्या. थट्टेत नव्हे, पण थट्टेच्या अगदी शेजारून. त्यांना वाटलं होतं, लोक माना हलवतील. पण देवळात अशी शांतता पसरली की वासरूसुद्धा गप्प झालं. पुजारी आत गेला आणि बेल आणि भंडाऱ्याची परडी घेऊन आला, आणि एक एक माणूस उठून पान तळहातावर घेऊन गंगाधरपंतांच्या समोर उभा राहिला. पिवळे झालेले ते हात, एकापाठोपाठ एक. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे खोटं नव्हे. पण भोरला परतल्यावर त्यांनी तो प्रसंग किती ठिकाणी रंगवून सांगितला, कुठे कुठे हशा पिकवला, कुठे वाहवा मिळवली, तेही खोटं नव्हे. काय माणसं आहेत, ते म्हणत, काय श्रद्धा. जणू एखाद्या सहलीत सुरेख धबधबा बघून आले होते. धबधब्याला पुढे काय होतं, पाणी कुठे जातं, हे कोण विचारतं?

दुपारी कोर्टात त्यांच्यापुढे एक भाडेपट्टा होता. नीरेकाठच्या एका वावराचा, साधा, पाचवीतल्या पोरानं लिहावा असा. पट्ट्यात सीमा होत्या, झाडं होती, विहिरीतला हिस्सा होता, आणि मुदतीची जागा पक्षकारानं कोरी सोडली होती. गंगाधरपंत सवयीनं खेकसले, अरे, मुदत कुठाय? मुदत नसली तर तू बांधला गेलास ना जन्माचा. आणि बोलता बोलता थांबले. पक्षकाराला वाटलं वकीलसाहेबांना चक्कर आली. तो बिचारा पाणी आणायला धावला. आयुष्यभर या माणसानं लोकांच्या कागदांत मुदती घातल्या होत्या. म्हशीच्या खरेदीलासुद्धा त्यानं मुदत घातली होती. आणि एका सकाळी सबंध खोऱ्याकडून घेतलेल्या शब्दाला ती घालायची राहून गेली, कारण तो शब्द कागदावर नव्हता आणि कागदावर नसलेली गोष्ट आपणहून विरून जाते असं त्यांना, शिकल्यासवरल्या माणसाला, वाटलं होतं. तिकडे ती विरत नाही. तिकडे ती तशीच उभी राहते, शेताच्या बांधावरच्या दगडासारखी, कोणी येऊन हलवीपर्यंत.

बाररूममध्ये आनंद भेटला, त्यांच्याच हाताखाली शिकून आता स्वतंत्र झालेला तरुण वकील, हुशार, सदा पान खाल्लेला. गंगाधरपंतांनी त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो आधी मनसोक्त हसला. मग खुर्ची जवळ ओढून त्यानं सल्ला दिला, आणि सल्ला असा सरळ होता की त्यात बोट शिरकवायला जागा नव्हती. सोडवा ना त्यांना, तो म्हणाला, अवश्य सोडवा, पण मतदान झाल्यावर. यात खोटेपणा नाही. त्यांनी तुम्हाला दिलेलं ते तुम्ही परत करताय, फक्त सवडीनं. "गंगाधरराव, या खेपेला निवडून आलेल्यांतून एकाला संस्थानच्या कारभारात घेणार अशी कुणकुण आहे. सगळे तुमचंच नाव घेतात. आणि तुम्ही होळीच्या आधी हातावर पाणी सोडायला निघालात?" गंगाधरपंतांनी ती कुणकुण ऐकली होती. ऐकली होती म्हणजे काय, ती त्यांच्या उशाशी निजत होती. कारभारात घेतलं तर त्यांच्या खोलीबाहेर शिपाई बसेल, फायली त्यांच्याकडे येतील, आणि कितीतरी गोष्टी, ज्या आज प्रश्न विचारून विचारून होत नव्हत्या, त्या एका सहीनं होतील. वेल्ह्याच्याच होतील. म्हणजे खोऱ्याच्या भल्यासाठीच खोऱ्याला जरा बांधून ठेवायचं. हा विचार त्यांना इतका गोंडस वाटला की त्यांनी तो संध्याकाळपर्यंत मांडीवर घेऊन खेळवला, आणि संध्याकाळी पाहिलं तर तो रडायला लागला होता.

नीरेच्या घाटावर ते रोज फिरायला जात. पाणी कमी झालं होतं, काळे खडक वर आले होते, धोबी कपडे वाळवून घरी चालले होते. तिथे बसून ते आपली सभासदकी आठवत, आजवर कौतुकानं, आता जरा चाचपत, जसा आजारी माणूस दुखरी जागा चाचपतो. सभागृहातल्या वॉर्निशचा वास. त्यांचं नाव पुकारलं जाणं, आधी सन्माननीय असं लावून. त्यांनी वेल्ह्याच्या शाळेचा प्रश्न विचारला होता, आणि उत्तरात सरकार विचार करीत आहे असं छापून आलं होतं. आणि साकव! ओढ्यावरचा साकव म्हणजे त्यांच्या कारकिर्दीतला कळस. दोन वर्षं झगडून त्यांनी तो मंजूर करून घेतला, दगडी पायांवर सागाच्या फळ्या, कठडासुद्धा. उद्घाटनाला लोक हार घेऊन उभे होते. पण त्या लोकांचे चेहरे आठवायला गेलं की हार आठवत, चेहरे नाहीत. इतक्या वर्षांत त्यांतल्या कोणी ओट्यावर येऊन भांडलं नव्हतं, हे हवं, ते नको, असं कोणी म्हटलं नव्हतं, आणि गंगाधरपंत अभिमानानं सांगत असत की माझा मतदारसंघ तृप्त आहे. तृप्त. घाटावरच्या त्या संध्याकाळी हा शब्द त्यांनी दोनदा मोठ्यानं उच्चारून पाहिला आणि एका धोब्यानं वळून त्यांच्याकडे पाहिलं. मी कोणाला आवडलो होतो का? त्यांनी स्वतःला विचारलं. सोळा वर्षांच्या मुलीनं विचारावा तसला हा प्रश्न, त्यांचा त्यांनाच संकोच वाटला. पण प्रश्न उठून जायला तयार नव्हता. पेटीत पडलेल्या मतांवर नाव नसतं. त्यांतलं एखादं तरी असं असेल का, जे बेलानं नव्हे, भंडाऱ्यानं नव्हे, नुसतं यांना द्यावं असं वाटून पडलं असेल? असलं तरी ते आता कळायचं कसं? बांधलेल्या माणसाचं प्रेमसुद्धा बांधलेलंच दिसतं.

असेच काही दिवस गेले. गंगाधरपंतांनी वेल्ह्याला जायचं ठरवलं, मग मोटारीचा भरवसा नाही म्हणून बेत पुढे ढकलला. मग एका सकाळी नळूताई पाटावर बसून नारळ खवत होत्या, आणि गंगाधरपंत उगाच त्यांच्या समोर जाऊन बसले. लग्नात नळूताई तेरा वर्षांच्या होत्या. त्यांनी मुलगा पाहिला नव्हता. मुलानं त्यांना पाहिलं होतं, तेही चहाच्या कपावरून. संसार चांगला झाला होता, म्हणजे कोणी विचारलं असतं तर गंगाधरपंतांनी चांगला झाला असंच सांगितलं असतं. पण बायकोला विचारावं असं त्यांना आजवर वाटलं नव्हतं. आता त्यांनी विचारलं:

"अगं, तुला तेव्हा कोणी विचारलं असतं, तर तू मला हो म्हणाली असतीस का?"

नळूताईंची खवणी थांबली नाही. त्यांनी नारळाची कवड फिरवली, दुसऱ्या अंगानं खवायला घेतली. मग त्या म्हणाल्या, "म्हणाले असते की नाही, ते आता कसं सांगू. पण विचारलं असतं तर बरं वाटलं असतं, एवढं खरं." आणि खोबऱ्याचा एक तुकडा त्यांच्या हातावर ठेवून त्या उठल्या. गंगाधरपंत तुकडा हातात धरून तसेच बसले. एवढ्या वर्षांत ही बाई आपल्याशी इतकं सरळ कधी बोलली होती? की आपण विचारलंच नव्हतं म्हणून बोलली नव्हती? दुसऱ्या दिवशी त्यांनी कोट झटकला आणि सकाळची मोटार धरली.

लढाईच्या त्या दिवसांत मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत, म्हणजे बऱ्याचदा चालत नसत. पाठीमागे शेगडीसारखं काहीतरी धगधगत होतं, ड्रायव्हर मधूनच उतरून सळईनं कोळसे ढोसत होता, आणि चढ आला की निम्मे उतारू खाली उतरून शेजारून चालत होते. नसरापुराला गंगाधरपंत उतरले, तिथे वेल्ह्याकडे निघालेली एक बैलगाडी भेटली, आणि गाडीवाल्याला ते कोण ते ठाऊक नसल्यामुळे प्रवास फार सुखाचा झाला. खोऱ्यात राब भाजायला सुरुवात झाली होती. भाताचं रोप जिथे टाकायचं त्या तुकड्यांवर टहाळ, पाला, शेण पसरून पेटवून दिलेलं, आणि दोन्ही अंगांनी निळा, सरळ, शहाण्या मुलांसारखा उभा राहिलेला धूर. वर तोरणा, उन्हात फिकट झालेला. गंगाधरपंत गाडीत वाक्य घोळवत होते. वाक्य आनंदाच्या सल्ल्यातूनच निघालं होतं, फक्त जरा धुवून घेतलेलं: शब्द फिटला, ही निवडणूक झाली की. वाक्य वाईट नव्हतं. त्यात मुदत होती. म्हणजे नऊ वर्षांपूर्वीची चूक दुरुस्तच होत होती. प्रत्येक चाकोरीत गाडी आदळली की वाक्य त्यांच्या तोंडात आदळे आणि पुन्हा जागेवर येऊन बसे. धुरानं डोळे चुरचुरत होते. त्यांना वाटलं, निदान हे तरी बरं, डोळ्यांत पाणी दिसलं तर धुरावर घालता येईल.

ते येणार हे खोऱ्यात कसं पोचलं कोणास ठाऊक, पण देवळात माणसं जमली होती. सोनबा होता, सगुणाबाई होती, ओळखीचे म्हणून ज्यांना ते आजवर नमस्कार करीत आले होते आणि ज्यांची नावं त्यांना येत नव्हती असे पुष्कळ होते. बाहेरच्या खांबाला टेकून एक सडपातळ, दाढी वाढलेला तरुण उभा होता. तो कुंडलिक, हे कोणी न सांगता कळलं, कारण तो एकटाच त्यांच्याकडे नीट बघत होता. पुजाऱ्यानं तांब्या आणून दिला. गंगाधरपंतांनी घसा खाकरला आणि नागरिकबंधूंनो म्हणून सुरुवात केली, आणि तेवढ्यात सोनबानं हात पुढे केले. दोन्ही, ओंजळीसारखे. त्याच्या शेजारच्यानंही केले, मग त्याच्या शेजारच्यानं, मग सगुणाबाईनं. नऊ वर्षांपूर्वीही हेच हात समोर आले होते, पण तेव्हा त्यांना नुसता पिवळा रंग दिसला होता. आता हात दिसले. सोनबाच्या अंगठ्याला नख नव्हतं. एकाच्या बोटांच्या पेरांत राबाची राख इतकी मुरली होती की ती धुऊन जाणारी नव्हती. सगुणाबाईच्या मनगटावर बांगड्या नव्हत्या आणि भाजल्याचा एक जुना डाग होता. आणि हे सगळे हात थरथरत होते, अगदी थोडे, वाऱ्यावर पाणी थरथरतं तेवढेच. ही माणसं घाबरली आहेत, गंगाधरपंतांच्या लक्षात आलं, आपण नाही म्हणू म्हणून घाबरली आहेत. वाक्य तोंडात तयार होतं. त्यांनी तांब्या कलता केला, पाणी सोनबाच्या ओंजळीत पडलं, आणि ते म्हणाले,

"शब्द फिटला."

पुढचं त्यांनी म्हटलं नाही. ते तोंडातच राहिलं, आणि पुढच्या माणसापाशी जाईपर्यंत, पाहता पाहता, गिळलं गेलं. प्रत्येकाच्या हातावर पाणी, प्रत्येकाला तेच दोन शब्द. काही जण पाणी डोळ्यांना लावत होते, काही जण नुसतं झटकून टाकत होते. शेवटच्या माणसापाशी तांब्या रिकामा झाला म्हणून पुन्हा भरून आणावा लागला. कारभार गेला, त्यांच्या मनात आलं, शिपाई गेला, फायली गेल्या, आणि आश्चर्य हे की मन ते शाळेतल्या हजेरीसारखं शांतपणे वाचून दाखवत होतं. ते देवळाच्या पायरीवर येऊन उभे राहिले. आता काय करायचं असतं? निरोप घ्यायचा असतो बहुतेक.

पण सगुणाबाईनं पदराला हात पुसले आणि म्हणाली, "आता बोलते. सायेब, तुमचा साकव लई देखणा हाय. फकस्त त्याच्यावरनं कुनी जात न्हाई."

गंगाधरपंतांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. पण ती थांबली नाही. साकव बांधला तो मामलेदाराच्या घोड्याला सोयीचा पडेल असा वरच्या अंगाला. बायका रानात जातात त्या खालच्या उतारानं, अजूनही पाण्यातूनच, डोक्यावर भारा घेऊन, आणि मागच्या आषाढात तिचीच जाऊ तिथे घसरून पाय मोडून बसली. मग जणू बांध फुटला. एक जण म्हणाला, शाळा हाय पर मास्तर नसरापुरात ऱ्हातो, आठवड्यातनं एकदा तोंड दाखवतो, पोरं पाढे न्हाई, गुरं वळाय शिकली. दुसरा म्हणाला, राबाला टहाळ तोडाय गेलं की जंगलचा शिपाई कुऱ्हाड हिसकून घेतो, ह्याच्यावर तुमी तिथं कधी बोललात का? तिसऱ्यानं तर गंगाधरपंतांच्या उद्घाटनाच्या भाषणाची नक्कल केली, हात उंच करून, आणि सगळे हसले, आणि नक्कल इतकी हुबेहूब होती की गंगाधरपंतांना स्वतःचा हात कोटाच्या खिशात लपवावासा वाटला. त्यांचे कान तापले होते. पण त्या तापण्याखाली, खोल कुठेतरी, एक विलक्षण गार जागा तयार होत होती. ही माणसं त्यांच्याशी भांडत होती. नऊ वर्षांत पहिल्यांदा. इतकी वर्षं हे कोणी का नाही बोललं, त्यांनी विचारलं, आणि आवाज आपलाच आहे की काय असं त्यांना वाटलं, इतका तो लहान होता.

सगुणाबाई म्हणाली, "ज्याच्यासाठी भंडार उचलला त्याचंच उणं काढायचं? देवी काय म्हनली असती?"

म्हणजे तृप्ती ती ही. गंगाधरपंत तिथेच पायरीवर बसले, कोटाची पर्वा न करता, आणि ऐकत राहिले. ऊन चढलं, धुराचे खांब जरा कलले. साकव खालच्या उतारावर नेमका कुठे हवा, याच्यावर दोघा जणांत वाद जुंपला आणि तो मिटेपर्यंत कोणी गंगाधरपंतांकडे बघितलंसुद्धा नाही. मग हळूहळू बोलणं विरलं, आणि त्या शांततेत त्यांना उमगलं की एक गोष्ट उरली आहे आणि ती आपल्याला येत नाही. तीन निवडणुका लढलेल्या या माणसानं कोणाकडे कधी मत मागितलं नव्हतं. पहिल्यांदा त्यांनी शब्द द्या म्हटलं होतं. पुढे नुसतेच नमस्कार करत गावातून फिरले होते. मागायचं म्हणजे समोरच्याला नाही म्हणायची वाट मोकळी ठेवून मागायचं, आणि ती वाट एवढी मोठी दिसत होती, सरळ वेल्ह्यापासून भोरापर्यंत गेलेली. ते उभे राहिले. भाषणातला एकही शब्द मदतीला आला नाही.

"सोनबा," ते म्हणाले, "मी या खेपेला उभा आहे. मला मत द्याल का?"

सोनबानं डोकं खाजवलं, गडाकडे पाहिलं, ओल्या हातांकडे पाहिलं. नऊ वर्षं खाली बघून बोलणारा म्हातारा आता गंगाधरपंतांना वरपासून खालपर्यंत असा न्याहाळत होता, जसा बाजारात खोंड न्याहाळावा, आणि त्याला ते फार आवडत होतं हे दिसत होतं.

"बघू," तो म्हणाला.

खांबापासचा कुंडलिक हसत पुढे आला. "अन् मला, तात्या?"

"तुलाबी बघू."

देवळातली सगळी माणसं हसली, पुजारीसुद्धा. कुंडलिकाचं हसू जरासं उतरलं, आणि त्याचं तोंड बघून गंगाधरपंतांनाही हसू आलं, दोघांचीही तोंडं त्या वेळी नेमकी सारखीच दिसत असणार असं वाटून. ते पुन्हा पायरीवर बसले, आणि कुंडलिकालाही बसता यावं म्हणून थोडे बाजूला सरकले, कारण सगुणाबाईचं अजून संपलेलं नव्हतं.